अकरा नंबरचा मासा

आमच्या सोसायटीची मीटर रूम पीसीओच्या बूथएवढी.
कोपरखैरणे, सेक्टर सहा. दार लावलं तर आत माणूस वळत नाही.
फ्यूज उडाला म्हणून मी पहिल्यांदाच गेले,
मोबाइलच्या उजेडात,
तर भिंतभर मासे माझ्याकडे बघत होते.

सोळा मीटर, सोळा मासे.
प्रत्येकाच्या पोटाच्या जागी मीटरची काच,
काचेत आकडे.
आकडा सरकला की मासा जेवला.

हे पंपवाल्या जोमा मढवींचं काम.
वय विचारलं तर म्हणतात,
सिडको आली तवा मिसरूड फुटत व्हती.
रंग जिन्याचा उरलेला विटकरी,
कुणाच्या तरी ग्रिलचा काळा,
आणि सबनीसांनी मुलीच्या खोलीला देऊन
दोन दिवसांत पुसलेला गुलाबी.
ब्रश दाढीचा. बारीक रेघेला काडेपेटीची काडी,
टोक चावून मऊ केलेली.

मी चित्रकला शिकवते.
शनिवार-रविवार, हॉलमध्ये सतरंजी टाकून,
एलिमेंटरी, इंटरमिजिएट.
दहावीला मार्क वाढतात, म्हणून आया पोरं पाठवतात.
किटली, दोन लिंबं, मागे पडदा.
उजेड डावीकडून, तर सगळ्या छाया उजवीकडे.
सव्वीस वर्षं पोरांची मनगटं धरून
मी टेबलाची मागची कड आखूड केली.

मढवींच्या माशांना छाया नाही.
उजेड कुठून येतो ते त्यांनी ठरवलेलंच नाही.
जिताड्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला,
‘एकच काढला तर आंधला वाटल.’
शिंगाळीच्या मिशा थेट वायरिंगमध्ये गेल्यात.
आठ नंबरचे गुप्ते सहा महिने पोराकडे कॅनडाला,
त्यांची खरबी पांढरी पडलीये, रोड झालीये,
कल्ल्यापाशी गुलाबी ठिपका तेवढा.
‘फ्रिज चालू ठेवून गेलंन.’

ठाण्याला मैत्रीण गॅलरी चालवते, तिला फोटो पाठवले.
तिचा लगेच फोन.
अगं, याला नाव आहे, म्हणाली. आउटसायडर.
बाहेरचा.
मी खिडकीतून खाली पाहिलं.
जोमा मढवी टाकीचा वॉल्व्ह फिरवत होते
त्यांच्या चुलत्याच्या भातखाचरात,
जिथे मला लॉटरीत फ्लॅट लागून
अठरा वर्षं झाली.

तरी सांगितलंच त्यांना. भिंत कापून नेतील, पैसे देतील.
ते बराच वेळ हात पुसत राहिले.
‘आन मीटर?’
मीटर इथेच राहतील.
‘मंग त्यांचे पोटान काय फिरल?’

त्या रात्री कार्डशीट काढलं.
एकच मासा, त्यांच्यासारखा.
डाव्या हातानं काढला. मग डोळे मिटून.
मग काडी चावून, जिभेला गंधक लागेपर्यंत.
दर वेळी पोटाखाली आपोआप छाया पडली,
उजवीकडे, मऊ,
अगदी ए ग्रेडची.

सकाळी पुन्हा खाली गेले. ते पंपाला ग्रीस लावत होते.
माझा कुठला? मी विचारलं.
न बघता म्हणाले, ‘अकरा. यो निवटा.’
निवटाच का?
‘पान्यान पन ऱ्हातो, चिखलान पन. मरत नाय.’

डोळे डोक्यावर आलेले, पंखांवर उभा,
भिंतीला ओल आली होती
तिथेच त्यांनी त्याला टेकवलेला.
मी मोबाइल विझवला. अंधारात काच दिसत राहिली.
किती वेळ गेला कळलं नाही.
मग पोटातला शेवटचा आकडा
हळूच एकानं वर चढला.
तिसऱ्या मजल्यावर, माझ्या घरात,
कुणीतरी उठलं होतं.